नाकापेक्षा मोती जड: वर्षअखेरीस तोट्यातला शेअर विकावा का?

वाचकाचा प्रश्न

कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाहून डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या एका दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. पत्रलेखकाची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

“मी २०१७ मध्ये पुण्याहून कॅनडात आलो. सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो आणि पगार वर्षाला लाख डॉलरच्या थोडा वर आहे. पत्नीही नोकरी करते, मुलगा ८ वर्षांचा आहे. २०२१ मध्ये एका अमेरिकन तंत्रज्ञान कंपनीचे शेअर साध्या, म्हणजे करसवलत नसलेल्या खात्यात ३२,००० अमेरिकन डॉलरना घेतले. आज त्यांचे १६,००० उरले आहेत. सरासरी खाली यावी म्हणून गेल्या २० नोव्हेंबरला त्याच कंपनीचे आणखी ५,००० डॉलरचे शेअर टीएफएसए, म्हणजे करमुक्त बचत खात्यात घेतले. सप्टेंबरमध्ये एका कॅनेडियन बँकेचे शेअर विकून ९,००० डॉलर नफा झाला. २०२३ मध्येही थोडा नफा झाला होता आणि त्यावर कर भरला होता. मेहुणे म्हणतात की ३१ डिसेंबरच्या आत तोट्यातला शेअर विका आणि दुसऱ्या दिवशी तोच ताईच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या नावावर किंवा टीएफएसएमध्ये परत घ्या. पुण्यात दर मार्चला आम्ही हेच करत होतो. त्यांच्या मते टीएफएसएमध्ये १,०२,००० डॉलरपर्यंत भरता येतात. मी आतापर्यंत ३०,००० भरले आहेत. पत्नी म्हणते, शेअरचे नंतर बघा, मुलाच्या आरईएसपीत, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात दोन वर्षे काही भरलेले नाही, ते आधी भरा. भारतातले जुने शेअर अजून आहेत. इथे आलो तेव्हा त्यांची किंमत साधारण ३५ लाख रुपये, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ७०,००० कॅनेडियन डॉलर होती. ती लाखाच्या आत असल्याने परदेशी मालमत्तेचा फॉर्म मी कधी भरला नाही. खरे सांगायचे तर मुद्दल वसूल झाल्याशिवाय हा शेअर विकूच नये असे वाटते. डिसेंबर संपत आला आहे. काय करू?”

उत्तर

नमस्कार. तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात हा करबचतीचा प्रश्न वाटला, दुसऱ्या वाचनात वाटले नाही. करबचत हे निमित्त आहे. चार वर्षे उराशी धरलेला शेअर सोडायचा की नाही हे तुम्हाला ठरवता येत नाही, म्हणून ते ठरवण्याचे काम तुम्ही ३१ डिसेंबर या तारखेवर सोपवू पाहता आहात. ती तारीख सरकारच्या सोयीची आहे. कंपनीचे भवितव्य तिच्याने बदलत नाही.

आधी या तोट्याचे करापुरते मोल किती आहे ते पाहू, कारण पत्रात हा आकडा कुठेही नाही. कॅनडात शेअरचा नफा-तोटा कॅनेडियन डॉलरमध्येच मोजावा लागतो. खरेदीची रक्कम खरेदीच्या वेळच्या विनिमयदराने आणि विक्रीची विक्रीच्या वेळच्या दराने बदलायची असते. २०२१ मध्ये अमेरिकन डॉलर सरासरी १.२५ कॅनेडियन डॉलरच्या आसपास होता, म्हणजे तुमची खरेदी ४०,००० कॅनेडियन डॉलरची. आजचा दर १.३८ धरला तर उरलेले १६,००० म्हणजे २२,०८० होतात. कराच्या हिशेबातला तोटा १७,९२० डॉलर. सगळा तोटा आजच्या दराने गुणून तुम्ही तो २२,००० च्या वर धरला असेल, तर तो चार हजारांनी फुगलेला आहे. कॅनेडियन डॉलर स्वस्त झाल्याने तुमच्या नुकसानीचा काही भाग नकळत भरून निघाला आहे, आणि तेवढ्या भागाची वजावट मिळणार नाही.

आता कर. इथे शेअर दहा दिवस ठेवला काय आणि दहा वर्षे ठेवला काय, नफ्याचा अर्धाच भाग उत्पन्नात धरला जातो. भारतासारखा अल्पकालीन आणि दीर्घकालीन असा भेद नाही. (अर्ध्याऐवजी दोन-तृतीयांश भाग धरण्याचा प्रस्ताव २०२४ च्या अर्थसंकल्पात आला होता. व्यक्तींसाठी तोही अडीच लाख डॉलरवरच्या नफ्यालाच लागू होणार होता, आणि मार्च २०२५ मध्ये तो रद्द झाला. त्यावरून घाई करण्याचे आता कारण नाही.) तुमच्या ९,००० डॉलर नफ्यातले ४,५०० करपात्र आहेत. तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यावर केंद्र आणि प्रांताचा मिळून दर ढोबळमानाने एक-तृतीयांश धरला तर कर होतो १,५०० डॉलर. तोटा या वर्षी नोंदवला तर हे दीड हजार वाचतात. उरलेला सुमारे ८,९०० डॉलरचा तोटा मागच्या तीन वर्षांच्या नफ्याविरुद्ध नेता येतो. त्यासाठी टी१ए हा फॉर्म विवरणपत्राबरोबर जोडायचा, म्हणजे २०२३ मध्ये भरलेल्या करातला काही भाग परत मिळेल. त्यातूनही शिल्लक राहील ती पुढे कितीही वर्षे ओढता येते. मात्र ती फक्त भांडवली नफ्याविरुद्ध वळती होते, पगाराविरुद्ध नाही.

म्हणजे पणाला लागलेली रक्कम या वर्षापुरती दीड हजार, मागची वसुली धरून थोडी अधिक. ती सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. पण २२,००० डॉलर कुठे गुंतवायचे हा निर्णय दीड हजारांच्या सोयीने घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मेहुण्यांच्या युक्तीबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडून इथे आलेली कितीतरी मंडळी ती निर्धास्तपणे सांगत असतात. भारतात ३१ मार्चच्या आधी तोट्यातला शेअर विकून दुसऱ्या दिवशी तोच परत घेता येतो. अशा साध्या पुनर्खरेदीला तिथल्या कायद्यात आडकाठी नाही. कॅनडात आहे. तिला ‘सुपरफिशियल लॉस’, म्हणजे वरवरचा तोटा म्हणतात. विक्रीच्या आधीचे ३० दिवस, विक्रीचा दिवस आणि नंतरचे ३० दिवस अशा ६१ दिवसांत तुम्ही किंवा तुमच्याशी संलग्न व्यक्तीने तोच शेअर घेतला आणि त्या मुदतीच्या शेवटी तो हाती असला, तर तोटा नाकारला जातो. संलग्न व्यक्तींत पती-पत्नी येतात, तुमच्या ताब्यातली कंपनी येते, आणि तुमची आरआरएसपी (निवृत्तीसाठीची बचत) व टीएफएसए खातीही येतात. पत्नीने साध्या खात्यात शेअर घेतला, तर नाकारलेला तोटा निदान त्यांच्या खरेदी किमतीत मिळवला जातो आणि त्या पुढे विकतील तेव्हा उपयोगी पडतो. टीएफएसएत घेतला तर तेही नाही. त्या खात्यातल्या नफ्या-तोट्याला कराच्या हिशेबात स्थानच नसल्याने तो तोटा कायमचा जातो. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी ती गत. शेअर न विकता आहे तसाच टीएफएसएत हलवला तरी परिणाम हाच होतो: हलवणे ही विक्री धरली जाते, नफा असेल तर कर लागतो आणि तोटा असेल तर तो मिळत नाही.

मेहुण्यांचा सल्ला न ऐकताही तुम्ही या नियमात अडकलेले आहात, ते २० नोव्हेंबरच्या खरेदीमुळे. तुम्ही १० डिसेंबरला विक्री केली असती, तर ती खरेदी मागच्या ३० दिवसांत पडली असती आणि तेवढ्या शेअरांपुरता तोटा कायमचा नाकारला गेला असता. मेहुण्यांचे ऐकण्यात तुम्ही चालढकल केलीत हे या एका बाबतीत बरेच झाले. हे दिवस सौदा पूर्ण होण्याच्या तारखेवरून मोजायचे असतात. मे २०२४ पासून इथे आणि अमेरिकेतही सौदा लगेच पुढच्या कामकाजी दिवशी पूर्ण होतो. म्हणजे तुमची खरेदी २१ नोव्हेंबरची धरायची. सोमवार २२ डिसेंबरला विक्री केली तर ती २३ ला पूर्ण होईल आणि नोव्हेंबरची खरेदी मुदतीबाहेर राहील. दुसऱ्या टोकाला, विक्री २०२५ च्या हिशेबात यायची तर मंगळवार ३० डिसेंबरपर्यंत व्हायला हवी. ३१ तारखेला बाजार उघडा असेल, पण त्या दिवशीचा सौदा पुढच्या वर्षात जाईल. म्हणून तुमच्यासाठी योग्य दिवस २२ ते ३० डिसेंबर एवढेच आहेत, आणि त्यातला शेवटचा दिवस गाठण्याच्या भानगडीत पडू नका. विक्रीनंतर जानेवारी संपेपर्यंत तो शेअर तुमच्या किंवा पत्नीच्या कोणत्याही खात्यात येता कामा नये. लाभांशातून आपोआप शेअर घेण्याची किंवा दरमहा ठरावीक खरेदीची सोय लावून ठेवली असेल तर ती आधी बंद करा. अशा लहानसहान खरेदीनेही तेवढ्या शेअरांपुरता तोटा नाकारला जातो.

त्या क्षेत्रातून बाहेर राहायचे नसेल तर दुसऱ्या कंपनीचा शेअर घ्यायला हरकत नाही. एका बँकेच्या जागी दुसरी बँक ही ‘तीच मालमत्ता’ ठरत नाही. ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड, घेणाऱ्या वाचकांनी मात्र जपून असावे. दोन वेगळ्या कंपन्यांचे फंड एकाच निर्देशांकामागे चालत असतील, तर करविभाग त्यांना एकच समजतो. वेगळ्या निर्देशांकाचा फंड घेतला तर प्रश्न येत नाही.

नोव्हेंबरच्या खरेदीबद्दल आणखी एक सांगायला हवे. सरासरी खाली यावी म्हणून ती केल्याचे तुम्ही लिहिले आहे, पण सरासरी खाली आलेलीच नाही. कॅनडात एकाच कंपनीच्या शेअरांची खरेदी किंमत सर्व साध्या खात्यांत मिळून सरासरीने धरतात (भारतात आधी घेतलेला शेअर आधी विकला असे मानतात), मात्र टीएफएसएतले शेअर त्या सरासरीत येत नाहीत. साध्या खात्यातली तुमची सरासरी होती तिथेच आहे. मग २० नोव्हेंबरला तुम्ही काय केलेत? जी कंपनी तुम्हाला चार वर्षे टोचते आहे, तिच्यात आणखी ५,००० डॉलर घातले. कंपनीवर भरवसा वाढला म्हणून घातले असतील तर गोष्ट वेगळी. पत्रात कंपनीच्या धंद्याविषयी, तिच्या विक्रीविषयी किंवा कर्जाविषयी एक ओळ नाही. जे आहे ते तुमच्या खरेदी किमतीविषयी आहे. मुद्दल वसूल होणे म्हणजे १६,००० चे ३२,००० होणे, म्हणजेच भाव दुप्पट होणे. तुम्ही तो शेअर काय भावाने घेतला हे बाजाराला ठाऊक नाही आणि त्याचे त्याला सोयरसुतकही नाही.

तुमच्या शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये एकेकाळी नॉर्टेलचे मुख्यालय होते. २००० साली टोरांटो बाजाराच्या मुख्य निर्देशांकातला एक-तृतीयांशाहून अधिक भाग या एकट्या कंपनीचा होता. कित्येक कॅनेडियन कुटुंबांकडे तिचे शेअर मुद्दाम विकत न घेताच आले होते, कारण त्या वर्षी बीसीई या दूरसंचार कंपनीने आपल्याकडचे नॉर्टेलचे शेअर आपल्या भागधारकांना वाटले होते. भाव १२० डॉलरच्या वर जाऊन आला आणि नंतर कोसळत गेला. वाटेतल्या प्रत्येक पायरीवर ‘थोडा वर आला की विकतो’ असे म्हणणारे लोक होते. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. तुमची कंपनी त्याच वाटेने जाईल असे मी म्हणत नाही. मला ती ठाऊकही नाही. पण तुमचा पगार सॉफ्टवेअरमधून येतो आणि बचतीचा मोठा हिस्साही तंत्रज्ञानाच्या एकाच कंपनीत आहे. त्या क्षेत्राला वाईट दिवस आले तर नोकरी आणि गुंतवणूक दोन्हींना एकाच वेळी धक्का बसेल. या शेअरविषयी मला खरी चिंता वाटते ती इथे, कराची नव्हे.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. साध्या खात्यातले शेअर २२ ते ३० डिसेंबरदरम्यान विकून टाकावेत. कंपनीवर खरोखर विश्वास असेल तर टीएफएसएतले नोव्हेंबरचे शेअर तुमच्याकडे आहेतच, भाव वाढला तर तेवढा आनंद तिथे मिळेल, तोही करमुक्त. विश्वास नसेल तर तेही ठेवण्याचे कारण नाही.

विक्रीतून आलेल्या पैशांचे काय करायचे? इथे तुमच्या पत्नीचे म्हणणे मेहुण्यांच्या म्हणण्यापेक्षा पुष्कळ वजनाचे आहे. आरईएसपीत वर्षाला २,५०० डॉलर भरले की केंद्र सरकार २० टक्के, म्हणजे ५०० डॉलर अनुदान देते. एका मुलामागे एकूण ७,२०० पर्यंत. मागे राहिलेले अनुदान बुडत नाही, पण एका वर्षात मागच्या एकाच वर्षाची भरपाई करता येते. तुमची दोन वर्षे राहिली आहेत. ३१ डिसेंबरच्या आत ५,००० डॉलर भरले तर १,००० डॉलर अनुदान मिळेल, मग पुढच्या वर्षी पुन्हा तसेच. ज्या दीड हजारासाठी तुम्ही महिनाभर अस्वस्थ आहात, त्याच्या दोन-तृतीयांश एवढी ही रक्कम आहे, आणि तिच्यासाठी बाजाराचा अंदाज बांधावा लागत नाही. मुलगा ८ वर्षांचा असल्याने वेळ आहे. पण दरवर्षी ‘पुढच्या वर्षी भरू’ म्हणत गेलात तर एकावेळी एकाच वर्षाची भरपाई या अटीमुळे शेवटी काही अनुदान हुकेल. शिवाय आरईएसपीसाठी शेअर विकले जाण्याची वाट पाहू नका. बँकेत रक्कम असेल तर आजच भरा.

टीएफएसएच्या बाबतीत मेहुण्यांचा आकडा चुकीचा आहे, आणि तो मानला असता तर महागात पडला असता. १,०२,००० ही मर्यादा २००९ मध्ये ज्यांचे वय १८ पूर्ण होते आणि जे तेव्हापासून इथले रहिवासी आहेत त्यांची. तुमची मर्यादा तुम्ही रहिवासी झालात त्या २०१७ पासून मोजायची. वर्षवार रकमांची बेरीज केली तर २०२५ अखेर ती ५५,५०० होते. पैसे मध्ये काढलेले नसतील तर ३०,००० वजा जाता २५,५०० ची जागा आहे. मर्यादेपेक्षा जास्त भरले तर जादा रकमेवर दरमहा १ टक्का दंड लागतो. तुमच्या जागेत विक्रीची सगळी रक्कम मावते, पण घाई नाही, कारण ही जागा ३१ डिसेंबरला संपत नाही. उलट १ जानेवारीला आणखी ७,००० ची भर पडेल. आरआरएसपीचेही तसेच, २०२५ च्या वजावटीसाठी २ मार्च २०२६ पर्यंत भरता येते. ज्यांना टीएफएसएतून नजीकच्या काळात पैसे काढायचेच आहेत त्यांनी मात्र ते डिसेंबरातच काढावेत, म्हणजे तेवढी जागा जानेवारीत परत मिळते. २ जानेवारीला काढले तर पुढचे अख्खे वर्ष थांबावे लागते. पहिले घर घेऊ पाहणाऱ्यांनी एफएचएसए खाते निदान उघडून ठेवावे, कारण त्यातली वर्षाला ८,००० ची जागा खाते उघडल्यापासूनच साचू लागते आणि त्याला मार्चपर्यंतची सवलत नाही. आणि साध्या खात्यात नवा म्युच्युअल फंड किंवा ईटीएफ घेणाऱ्यांनी त्याचे वर्षअखेरीचे वाटप कधी आहे ते आधी पाहावे, नाहीतर चार दिवस ठेवलेल्या फंडासाठी वर्षभराच्या नफ्यावरचा कर भरावा लागतो.

आता ज्या गोष्टीला तुम्ही पत्रात दीड ओळ दिली आहे तिच्याकडे येतो. माझ्या मते तुमच्या घरातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे. ‘परदेशी मालमत्तेचा फॉर्म’ म्हणजे टी११३५. वर्षात कधीही तुमच्या परदेशी मालमत्तेची खरेदी किंमत एकूण १,००,००० कॅनेडियन डॉलरच्या वर गेली असेल तर तो भरावा लागतो. तुम्ही फक्त भारतातले ७०,००० मोजलेत. पण अमेरिकन कंपनीचा शेअर कॅनेडियन ब्रोकरच्या साध्या खात्यात असला तरी तो परदेशी मालमत्ताच असतो. तो या फॉर्ममध्ये खरेदी किमतीने, म्हणजे ४०,००० ने येतो, आजच्या २२,००० ने नव्हे. दोन्ही मिळून १,१०,००० होतात, आणि हे २०२१ पासून चालू आहे. (टीएफएसए आणि आरआरएसपीतले अमेरिकन शेअर यात धरायचे नाहीत.) भारतातल्या बँकेतल्या ठेवी आणि भाड्याने दिलेला फ्लॅटही यात येतो, स्वतःच्या वापराचे घर येत नाही. या फॉर्मवर कर लागत नाही. पण न भरल्याचा दंड दिवसाला २५ डॉलर, एका वर्षाच्या फॉर्मला २,५०० पर्यंत जातो. राहून गेलेल्या वर्षांसाठी करविभागाकडे स्वेच्छेने चूक कळवण्याची योजना आहे, पण तिचा लाभ विभागाचे पत्र येण्याआधी गेलात तरच पुरता मिळतो. परदेशी मालमत्तेचे काम करणाऱ्या करसल्लागाराला यासाठी या महिन्यातच गाठा. दीड हजार वाचवण्याच्या नादात दहा हजारांचा दंड दाराशी उभा आहे हे तुमच्या लक्षात आलेले नाही.

शेवटी भारतातल्या शेअरांविषयी. ते विकायचे ठरवाल तेव्हा मार्च आणि डिसेंबर अशी दोन वर्षे सांभाळावी लागतील: भारताचा हिशेब एप्रिल ते मार्च, इथला जानेवारी ते डिसेंबर. भारतात सव्वा लाख रुपयांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असला तरी इथे तो उत्पन्नात दाखवावा लागतो; तिथे भरलेल्या कराची वजावट इथे मागता येते. यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तुम्ही रहिवासी झालात त्या दिवशी हे शेअर त्या दिवसाच्या बाजारभावाने विकत घेतले असे कॅनडा मानतो, त्यामुळे पुण्यात असताना झालेल्या वाढीवर इथे कर नाही. मात्र तो भाव सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे. पासपोर्टवरची आगमनाची तारीख पाहून त्या दिवसाचे प्रत्येक शेअरचे बंद भाव आणि रुपयाचा दर एका कागदावर लिहा, डीमॅट खात्याचे त्या महिन्याचे विवरण त्याला जोडा, आणि करसल्लागाराकडे जाताना तो कागद बरोबर न्या. टी११३५ मध्ये भारतातल्या शेअरांची जी रक्कम भरायची आहे, तीही त्याच कागदावरून निघेल.